सासऱ्यांची पांढरी बनियनं

साऱ्या डिचोली तालुक्यात धुळीला नावानिशी ओळखणारा माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. लोकांचे सासरे जावयाला पाहून आधी खुर्ची पुढे करतात, मग पाणी देतात, मग तब्येत विचारतात. आमचे सासरे आधी माझ्या शर्टाच्या कॉलरवरून बोट फिरवतात, ते अंगठ्यावर घासतात, डोळे बारीक करतात आणि मग म्हणतात, "जावयबापू, तुमी आज हायवेवयल्यान आयलात." मी पेडण्याकडच्या धारगळचा. माझं घरच हायवेच्या कडेला. घरातून निघालेला माणूस हायवेवरून येणार नाही तर काय होडीनं येणार? पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो, कारण तोवर ते माझी पाठ तपासत असतात. सिमेंटाची धूळ चिकट, वाटेची धूळ हलकी, आणि खाणीची धूळ जड, लकलकणारी, एकदा बोटाला लागली की सोडत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. पंचवीस वर्षं मी फायलींवरची धूळ झटकत आलो, पण तिची अशी चौकशी कधी केली नाही.

ते आमच्याकडे धारगळला आले की थेट फ्रिजच्या माथ्यावर बोट फिरवायचे. बायको त्यांची एकुलती एक लेक. हा आपल्या संसाराचा पंचनामा चाललाय असं वाटून ती फणकारायची. "बाबा, तुमी चेडवाक भेटूंक आयल्यात का झाडलोट पळोवंक?" मग त्यांचा पाय फाटकात पडला रे पडला की ती फडका घेऊन धावायची, आणि फ्रिज लख्ख दिसला की सासऱ्यांचं तोंड उतरायचं. चहासुद्धा अर्धा टाकायचे. शेवटी मीच तोड काढली. बाहेरच्या खोलीतल्या कपाटाचा माथा त्यांच्यासाठी राखीव ठेवला. ते यायच्या आधी पंधरा दिवस तिथे कोणी फडका लावायचा नाही. तेव्हापासून ते आल्या आल्या स्टुलावर चढतात, समाधानानं मान हलवतात, आणि मग चहाबरोबर दोन पाव खातात. घरात शांतता हवी असेल तर एवढी धूळ परवडते.

आता खरं सांगायचं तर ही धूळ उडवण्यात सासऱ्यांचा स्वतःचा हातभार काही कमी नव्हता. तीस वर्षं त्यांचा टिपर ट्रक होता. त्यांच्या सुर्ला गावच्या खाणीवर लोखंडाच्या खनिजानं भरायचा आणि आमोण्याला नदीच्या धक्क्यावर बार्जींसाठी, म्हणजे माल नेणाऱ्या सपाट बोटींसाठी, ओतायचा. ट्रिपांवर कमाई, त्यामुळे जो आधी पोचला तो शहाणा. ताडपत्री बांधायला कोण थांबतोय? भरलेला ट्रक उघडाच सुसाट सुटायचा, आणि मागून येणाऱ्याला पुढचा ट्रक दिसायचा नाही, नुसता तांबडा ढग दिसायचा. त्या ढगावरच त्यांचं घर उभं राहिलं, लेक शिकली, आणि मला सोन्याची अंगठी मिळाली. मग मध्ये खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभा राहून गंजला आणि एक दिवस भंगारवाला घेऊन गेला. काही वर्षांनी पुन्हा वाहतूक सुरू झाली तेव्हा सासरे म्हातारे झाले होते. ट्रक दुसऱ्यांचे होते आणि रस्ता मात्र त्यांच्याच दारावरून जात होता.

त्या दारात एक सोपो आहे, दोन्ही बाजूंना दगडी बैठका असलेला. तो माझ्या सासूबाईंचा. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून संध्याकाळी चार वाजता त्या तिथे बसायच्या, आणि वाटेनं जाणारा माणूस, गुरं आणि पाव विकणारा पोदेर यांतला कोणीही त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढे जात नसे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेचं माहेरी जाणं लांबलं, सगळी खबर आधी त्या सोप्यावर यायची आणि मग पंचायतीत जायची. वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि त्यांची छाती भरायला लागली. आधी खोकला, मग धाप. डॉक्टरनं पंप दिला आणि धुळीत बसायचं नाही असं सांगितलं. तेव्हापासून दोन वर्षं त्या आतल्या खोलीत, खिडकी बंद करून, ओला पंचा दाराच्या फटीला लावून बसायच्या. बाहेरून कुणी हाक मारली तर आतून "कोण गो?" असा नुसता आवाज यायचा. सासऱ्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. सासूबाई पुन्हा चार वाजता सोप्यावर येऊन बसायला हव्या होत्या. पण असं सरळ बोलायची त्यांच्या घराण्याची रीत नाही. ते म्हणायचे, "हवा बरी जावंक जाय."

अशात पंचायतीच्या फळ्यावर एक सरकारी कागद लागला. हवा शुद्ध राखण्यासाठी लोकसहभाग आवश्यक आहे, आपल्या सूचना कळवा. असल्या कागदांवरची शेवटची ओळ वाचायची नसते हे आम्हा सरकारी नोकरांना पहिल्याच महिन्यात कळतं. सासऱ्यांनी नेमकी तीच वाचली. साऱ्या गोव्यात ती मनावर घेणारे ते एकटेच असावेत. आणि सूचना लिहायला हक्काचा कारकून घरात होता! दर रविवारी मी सुर्ल्याला जेवायला जायचो, आणि हात धुवायच्या आधी समोर कागद यायचा. "ल्हियात, जावयबापू." एका सूचनेत त्यांनी म्हटलं होतं की रस्त्यावर पाणी मारणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर त्याच वाड्यावरचा असावा, म्हणजे पाणी न मारता पुढे गेला तर रात्री जेवताना त्याला घरच्यांचं ऐकून घ्यावं लागेल. मी म्हटलं, "मामा, हे सरकारी भाषेत बसत नाही." ते म्हणाले, "बसना जाल्यार उबें करात." दुसऱ्या सूचनेत खाणीच्या मोठ्या साहेबानं आठवड्यातून एकदा आपला पांढरा शर्ट सुर्ल्यात वाळत घालावा अशी नम्र विनंती होती. त्यावर 'आपली सूचना प्राप्त झाली' असं उत्तर आलं. सासऱ्यांनी ते सासूबाईंना तीनदा वाचून दाखवलं आणि आठवडाभर शर्टाची वाट पाहिली. शर्ट काही आला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःचं बनियन काढलं आणि कुंपणावर टाकलं.

तिथून बनियनांचं पर्व सुरू झालं. सकाळी आठला पांढरं स्वच्छ बनियन बाहेर टांगायचं, संध्याकाळी पाचला काढायचं, घडी घालायची आणि त्याला चिठ्ठी टाचायची. तारीख, वारा कुठला, ट्रक किती, टँकर आला की नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं बनियन. घरातली संपली तेव्हा ते डिचोलीच्या बाजारात गेले. दुकानदारानं माप विचारलं. हे म्हणाले, "माप खंयचेंय चलता, न्हेसपाचें न्हय." दुकानदार मला ओळखतो. त्यानं नंतर मला बाजूला घेऊन, मामांची तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारलं. पुढे त्यांना लोकसहभाग हा शब्द आठवला आणि ते वाड्यावर घरोघर बनियनं वाटत फिरले. बायकांनी आधी तोंडाला पदर लावला. परक्या पुरुषाचं बनियन आपल्या दारात टांगायचं म्हणजे काय! मग सासऱ्यांनी युक्ती केली, लहान मुलांच्या मापाची बनियनं आणली. त्याला कुणाची हरकत नव्हती. महिनाभरात अशी परिस्थिती झाली की सुर्ल्याच्या त्या वाड्यावर नवखा माणूस आला तर या गावात पोरं फार जन्मतात असं त्याला वाटावं.

मधल्या वेळात ते ट्रक अडवायचे. हातात चहाचा कप घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. ड्रायव्हर सगळे ओळखीचे, कुणी जुन्या सोबत्याचा मुलगा, कुणी पुतण्या. ताडपत्री सैल दिसली की सत्तरी ओलांडलेला हा माणूस कप ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, चाकावर पाय ठेवून वर चढायचा आणि स्वतः गाठ मारायचा. "ही गांठ न्हय, ही केसांची रिबन," असं म्हणत आधीची गाठ सोडायचे. त्यांची गाठ इतकी पक्की बसायची की ड्रायव्हर मंडळींनी खाणीवर ताडपत्री बांधायचंच सोडून दिलं. सासऱ्यांच्या दारात यायचं, थांबायचं, कप धरायचा, निम्मा चहा प्यायचा आणि बांधून घेऊन पुढे जायचं. बेळगावकडचा एक ड्रायव्हर तर दोन बिस्किटंही घेऊन यायचा. यात खाणीपासून त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता तसाच धुळीत जातो हे मी एकदा दाखवून दिलं. सासरे विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून ते चहा घेऊन खाणीच्या फाटकाशी उभे राहायला लागले.

पालापाचोळा जाळणाऱ्यांची गोष्टही तशीच. काजूच्या बागा साफ करताना लोक पाला पेटवतात. कुठे धूर दिसला की सासरे बादली घेऊन निघायचे. पण एकदम पाणी ओतणं हा उद्धटपणा. म्हणून आधी मुलाबाळांची चौकशी, मग काजूच्या मोहराची, मग म्हाताऱ्या आईच्या गुडघ्याची. एवढं होईपर्यंत पाला जळून विझलेला असायचा. मग ते भरलेली बादली घेऊन परत यायचे आणि म्हणायचे, "समजावन सांगलें. फुडल्या वर्सा जळोवचो ना म्हणाला."

तीन महिन्यांनी बातमी आली की हवेच्या प्रश्नावर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारी समिती सुर्ल्याला येतेय. पंचायतीच्या हॉलमध्ये सभा. सासऱ्यांच्या अंगात वारं संचारलं. घरोघरची बनियनं गोळा झाली. दीडशेवर तरी भरली असतील. तीन महिन्यांची धूळ, दिवसावार, टाचणीसकट. ती एका पोत्यात भरून त्यांनी आतल्या खोलीत सासूबाईंच्या ताब्यात दिली, आणि सभेच्या आदल्या सकाळी चिठ्ठ्यांच्या यादीच्या झेरॉक्स काढायला डिचोलीला गेले. जाताना सासूबाईंना एवढंच म्हणाले, "फाल्यां सायब येतले. हें सगळें तांकां दाखोवंक जाय."

त्या दुपारी मी तिथे गेलो होतो. हे मी मुद्दाम कबूल करतो. मागच्या अंगणात दोरीवर, कुंपणावर, पेरूच्या झाडावर बनियनं वाळत होती. शेजारच्या दोघीजणी इस्त्री करत होत्या आणि सासूबाई धापा टाकत, पण अगदी प्रसन्न चेहऱ्यानं, एकेका घडीला तिची चिठ्ठी परत टाचत होत्या. मला बसायला पाट दिला, चहा दिला. मी चहा प्यालो. उद्या साहेब येणार, कपडे धुतले, यात मला काहीही वावगं दिसलं नाही. आमच्या कचेरीत तपासणी असली की आम्हीही आदल्या दिवशी सगळं पुसूनच ठेवतो. सासूबाई म्हणाल्या, "सायबांक मळके कपडे कशे दाखोवप? लोक म्हणतले, ह्यांच्या घरांत बायल मनीस आसा का ना?" मला ते पटलं. संध्याकाळी पोतं बांधून तयार होतं, आणि सासरे दमून येऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. सगळा गावच नटला होता. रस्ता झाडून, अंगणं शिंपडून, केळीची पानंसुद्धा पुसून घेतली होती. इतकी स्वच्छ हवा सुर्ल्यात मी आयुष्यात घेतली नव्हती. पहिल्या बाकावर सासूबाई. दोन वर्षांनी पुढच्या दारानं बाहेर पडल्या होत्या, नवी साडी, केसांत अबोलीची वेणी. समितीच्या प्रमुख एक तरुण बाईसाहेब होत्या. सासरे पुढे गेले, नमस्कार केला, म्हणाले, "आमची हवा आमी पोत्यांत भरून हाडल्या," आणि पोत्याचं तोंड सोडलं.

पहिलं बनियन निघालं ते शुभ्र. नीळ घातलेलं, कडक इस्त्रीचं, साबणाचा घमघमाट. छातीवर चिठ्ठी: टँकर आला नाही, समोरचं घर दिसत नव्हतं. सासऱ्यांनी ते खाली ठेवलं आणि दुसरं काढलं. मग तिसरं. तेवढ्यात मागून शेजारणीचा कौतुकाचा आवाज आला, "बरे उजवाडले गो!"

बाईसाहेबांनी विचारलं, "आजोबा, ही नवीन आहेत का?"

सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आता हे कौतुक करतील अशा चेहऱ्यानं. सासऱ्यांना क्षणात सगळं कळलं. मी सांगतो, तीन महिन्यांची मेहनत साबणाच्या पाण्यात गेलेली बघून मी तरी घर डोक्यावर घेतलं असतं. सासरे म्हणाले, "न्हय बाये. धुतल्यांत."

"कोणी धुतली?"

"हांवें."

चिठ्ठीवर ट्रकाचा आकडा एकानं चुकला तर झोप न येणारा हा माणूस. त्याला मी पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं. आणि ते खोटं दोन मिनिटंसुद्धा टिकलं नाही, कारण सासूबाई ताडकन उठल्या.

"तुमी? तुमी धुतल्यांत? ह्या मनशाक साबण खंय आसता तें खबर ना! सायबिणी, हांवें धुतल्यांत. एकेक झटकून, एकेक घांसून. पयलें उदक काडलें तें तांबडें. दुसरें काडलें, तेंय तांबडें. तिसऱ्या उदकाक म्हाका म्हजे हात दिसले. मोरी तुंबली, धुण्याचो फातर अजून—"

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. खोकला आला. बनियनं झटकताना सगळी धूळ छातीत गेली होती, आणि तो खोकला थांबेचना. एका हातानं बाक धरला होता, दुसरा हात अजून, थांबा, माझं बोलणं संपलेलं नाही, असा वर होता. सासरे धावत आले, पंप काढला, त्यांच्या तोंडाशी धरला. बाईसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खोकला पूर्ण थांबू दिला. मग म्हणाल्या, "आजी, तो धुण्याचा दगड मला दाखवाल?"

आख्खी सभा उठून आमच्या सासऱ्यांच्या मागल्या दारी आली. मोरीपासून केळीपर्यंत वाहून गेलेल्या पाण्याचा गाळ वाळून बसला होता. तांबडा, करंगळीइतका जाड, उन्हात लकलकत होता. सासरे उकिडवे बसले, नारळाच्या करवंटीनं तो खरवडला आणि लोणच्याच्या बरणीत भरला. सवयीनं चिमूट अंगठ्यावर घासलीही. म्हणाले, "खाणीची." बाईसाहेबांनी बरणी दोन्ही हातांनी घेतली.

पुढे चमत्कार वगैरे काही झाला नाही. सरकार सरकारच्या चालीनं चालतं, त्यात मी आहेच. पण टँकर दिवसातून दोनदा यायला लागला. त्याचा ड्रायव्हर वाड्यावरचाच आहे, हे कसं झालं मला ठाऊक नाही. ताडपत्र्या खाणीच्या फाटकातच बांधून तपासल्या जातात, आणि दुपारी साडेतीननंतर त्या रस्त्यानं ट्रक जात नाहीत. कधी टँकर चुकतो, तेव्हा मला रविवारी अर्ज लिहावा लागतो.

डॉक्टर म्हणाले, आत जे बसलंय ते आता निघायचं नाही, जपायचं एवढंच. गेल्या थंडीत एका रविवारी मी सुर्ल्याला होतो. चार वाजले होते. सासूबाई शाल पांघरून सोप्यावर बसल्या होत्या, डोळे मिटलेले. झोप लागली असावी असं आम्हाला वाटलं. सासरे समोरच्या बैठकीवर, मी त्यांच्या शेजारी. रस्त्याकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "जावयबापू, हिच्या छातींत जें बसलां, तातूंत म्हज्या ट्रकाचेंय आसतलें."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत अशा अर्जाला उत्तर लिहायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "तुमच्या ट्रकाचें जाल्यार तें घरचेंच न्हय?"

सासरे एकदम उठले. चहा करून आणतो म्हणाले आणि आत गेले. चहा ते कधीच करत नाहीत. बराच वेळ झाला, आत ना भांड्याचा आवाज ना गॅस पेटल्याचा. मी बघून यावं म्हणून उठलो, तर सासूबाईंनी हातानं मला खाली बसवलं.

"वचूं नाकात तुमी," त्या म्हणाल्या. "रडूं दियात तांकां."

मी गेलो नाही. तिथेच बसून राहिलो. रस्त्यावरून एक बाई बाजाराची पिशवी घेऊन चालली होती. सासूबाईंनी तिला हाक मारून थांबवलं आणि बांगडे आले होते का म्हणून विचारलं.